उचल: शब्द एक, वह्या तीन

आजचा शब्द आहे ‘उचल’. अकरावी-बारावी कॉमर्स मराठीतून केलेल्यांना तो लगेच आठवेल. मालकाने धंद्यातून घरासाठी काढलेले पैसे म्हणजे उचल. लक्ष्मी रोडवरच्या दुकानदाराने गल्ल्यातून पोराची फी भरली, तर तो दुकानाचा खर्च नाही. त्याच्या भांडवलातून वजा होतो. पैसा त्याचाच. भागीदारी असेल तर करारानुसार त्यावर व्याज लागतं, एवढंच.

आता शिवाजीनगरच्या साखर संकुलात चला. साखर आयुक्तांचं ऑफिस इथलंच. इथे कुणी ‘पहिली उचल किती?’ विचारलं, तर तो उसाच्या पहिल्या हप्त्याबद्दल बोलतोय. ऐकायला कर्ज वाटतं, पण ही विकलेल्या मालाची किंमत आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ती १४ दिवसांत द्यायची, नाहीतर वर १५ टक्के व्याज. म्हणजे इथे व्याजाचा बोजा कारखान्यावर! २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी, म्हणजे उसाचा कायदेशीर किमान दर, दोन हप्त्यांत द्यायची मुभा दिली होती. मार्च २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने ती रद्द केली.

आणि त्याच उसाच्या फडात तिसरी उचल असते, ऊसतोड कामगाराची. ही मात्र खरंच अंगावर घेतलेली. बीडकडचं जोडपं हंगामाआधी मुकादमाकडून रक्कम घेतं. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात, हिशोबाचं एकक तेच. मग जेवढे टन ऊस तोडला, तेवढी मजुरी उचलीतून वळती. बाई आजारी पडली, पाऊस आला, फड लवकर संपला, की टन कमी भरतात. पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, तरी उचल फिटलेली नसते. बाकी पुढच्या हंगामावर जाते, आणि तोच मुकादम, तोच फड. शेतकऱ्याची उचल उशिरा आली तर त्याला व्याज मागता येतं. याच्या उचलीत तसं मागायला काहीच नाही.

म्हणून एक कायदा माहीत असू द्या. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात आगाऊ रकमेची वेगळी व्याख्याच आहे. त्या रकमेपायी माणसाला दुसरीकडे काम करायची किंवा हवं तिथे जायची मोकळीक उरली नाही, तर ती वेठबिगारी. आणि तसं ठरलं, की ते देणं कायद्याने संपलेलं असतं, मुकादमाच्या वहीत काहीही लिहिलेलं असो.