मांजर शिंकतंय? दुर्लक्ष करू नका!

बैलानं एक दिवस वैरणीला तोंड लावलं नाही की आपण लगेच दवाखाना गाठतो. मांजराचं मात्र कुणी मनावर घेत नाही. घरातली ज्वारी, तूर, सोयाबीनची पोती उंदरांपासून राखायला रात्रभर जागतं ते तेच.

पिल्लू सारखं शिंकतंय, नाका-डोळ्यांतून पाणी आणि मग चिकट पू येतोय, पापण्या चिकटल्यात, तर 'गारठ्यानं झालं' म्हणून सोडून देऊ नका. ही मांजरांची संसर्गजन्य सर्दी. बहुतेक वेळा ती हर्पिस किंवा कॅलिसी या विषाणूंमुळे होते. कॅलिसीत जिभेवर फोड येतात, लाळ गळते. या दोन्हींची बाधा माणसाला होत नाही.

शिंकेतून, उष्ट्या वाटीतून, आपल्या हातांतून रोग पसरतो. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. तिच्याबरोबर रोगही फिरतो. हर्पिस तर बऱ्या झालेल्या मांजरातही जन्मभर दडून राहतो आणि व्याल्यावर, अंगावर पाजताना पुन्हा डोकं वर काढतो. एखाद्या मांजरीची दर वेतातली पिल्लं डोळे येऊन मरतात, ती कुणाच्या नजरेनं नव्हे. बऱ्याचदा कारण हेच असतं.

नाक चोंदलं की वास येत नाही आणि वास आला नाही की मांजर खात नाही. पिल्लू खंगतं ते इथंच. म्हणून मटणाचं अळणी पाणी, कांदा-लसूण न घालता, कोमट करून पाजा. उकळून कोमट केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून कापसानं डोळे-नाक पुसा. आजारी मांजर वेगळं ठेवा, त्याची वाटी वेगळी ठेवा, हात साबणानं धुवा.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. आपली तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला अर्धीसुद्धा देऊ नका. मांजराच्या यकृताला ती निभावत नाही. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, धाप लागते आणि जनावर दगावतं. रोगानं नाही, आपल्या औषधानं!

मांजर दिवसभर उपाशी राहिलं तर पशुवैद्यकाकडे न्या. परभणीत तर पशुवैद्यक महाविद्यालयच आहे. प्रतिजैविकानं विषाणू मरत नाही, पण मागून होणारा जंतूंचा संसर्ग आटोक्यात येतो. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळाव्या आठवड्यापर्यंत देतात. लसीनं रोग पूर्ण टळेलच असं नाही, पण त्याचा जोर नक्की कमी होतो.

घरचं धान्य राखणाऱ्या या मुक्या राखणदारासाठी एवढं कराच.