परीक्षा पुराव्याची

गुन्ह्यांच्या मालिकांमध्ये बोटाचा ठसा सापडला की दोन मिनिटांत आरोपी समोर येतो. प्रत्यक्षात खरे काम त्यानंतर सुरू होते. तो ठसा कोणी घेतला, कुठे ठेवला, कोणी तपासला, हे सगळे न्यायालयात सिद्ध करावे लागते. याच विषयांवर पोलीस, शास्त्रज्ञ, वकील आणि प्राध्यापक परिषदांमध्ये शोधनिबंध वाचतात आणि एकमेकांना प्रश्न विचारतात. १९७० साली स्थापन झालेला पोलीस संशोधन व विकास ब्यूरो अशीच अखिल भारतीय पोलीस विज्ञान परिषद भरवतो. या चर्चांची गरज काय, हे दोन खटल्यांवरून कळते.

माझे घर जयपूरच्या राजा पार्कमध्ये आहे. तिथून जुने शहर जवळच. १३ मे २००८ च्या संध्याकाळी त्या जुन्या शहरात एकामागून एक बॉम्बस्फोट झाले आणि ७१ माणसे गेली. डिसेंबर २०१९ मध्ये खालच्या न्यायालयाने चौघांना फाशी सुनावली. २९ मार्च २०२३ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने चौघांनाही निर्दोष सोडले. तपासात गंभीर त्रुटी आहेत आणि पुराव्यांची साखळी जुळत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या दिवशी सापडलेल्या जिवंत बॉम्बचा खटला वेगळा चालला. त्यात एप्रिल २०२५ मध्ये चौघांना जन्मठेप झाली. ज्यांची माणसे गेली, त्यांना इतक्या वर्षांनी काय वाटत असेल? आणि एखादा खरेच निर्दोष असेल, तर त्याची तुरुंगातली वर्षे कोण परत देणार?

साखळी म्हणजे काय, हे आपल्याला सहज समजेल. कोतमधून रायफल घेताना आपण तिचा नंबर रजिस्टरमध्ये लिहून सही करतो, परत देताना पुन्हा सही. रायफल मधल्या वेळात कोणाकडे होती, हे रजिस्टर सांगते. पुराव्याचेही तसेच आहे. रक्ताचा नमुना सील होतो, पंचनाम्यात त्याची नोंद होते, तो मुद्देमालात जमा होतो आणि मग प्रयोगशाळेत जातो. एका ठिकाणची नोंद राहिली, की बचाव पक्षाचा वकील विचारणारच, "मध्ये कोणी हात लावला?"

दुसरा खटला जालन्याचा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दिला गेला का, असा वाद होता. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातले चित्रीकरण. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले, की मूळ उपकरण न्यायालयात आणले नसेल, तर चित्रीकरणाच्या प्रतीबरोबर कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र हवेच. मात्र मागूनही अधिकारी ते देत नसतील, तर मागणाऱ्याचे नुकसान होऊ नये.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात या प्रमाणपत्राच्या नमुन्यात 'हॅश' क्रमांकही लिहायचा आहे. हॅश म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा. फाइलमधले एक अक्षर बदलले, तरी तो क्रमांक पूर्ण बदलतो. झडती आणि जप्तीचे चित्रीकरणही आता बंधनकारक आहे.

विज्ञानही चुकते. २००४ च्या माद्रिद रेल्वे स्फोटांनंतर अमेरिकेच्या एफबीआयने एका ठशावरून भलत्याच माणसाला अटक केली. तो ठसा त्याचा नसल्याचे स्पेनच्या पोलिसांनी दाखवून दिले. त्यानंतर ठसे जुळवताना चुका कशा होतात, यावर बरेच संशोधन झाले. परिषदेत अवघड प्रश्न आला, तर फार तर वक्त्याची पंचाईत होते. तोच प्रश्न पहिल्यांदा न्यायालयात आला, तर खटला कोसळतो.

आपल्यातले काही जण उद्या वर्दी घालतील, काही वकील किंवा शास्त्रज्ञ होतील. नोंद वेळेवर आणि खरी करायची सवय मात्र आजच्या रजिस्टरपासूनच लागते.