तुकडोजी महाराजांची खंजिरी

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली गावी झाला. मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे. घरची गरिबी, त्यामुळे शिक्षण प्राथमिक शाळेपुढे गेले नाही. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. ‘तुकड्या’ हे नाव त्यांनीच दिलेले. पुढे भजनांच्या अखेरीस येणारी ‘तुकड्यादास’ ही मुद्रा त्यातूनच आली. तरुणपणी रामटेक, सालबर्डीच्या रानांत त्यांनी साधना केली.

त्यांची खरी ताकद खंजिरी भजनात होती. कीर्तनात बुवा बोलतात आणि लोक ऐकतात. इथे महाराजांनी म्हटलेली ओळ सारी मंडळी मागून उचलत, ठेक्यावर पुन्हा पुन्हा म्हणत. ज्या शेतमजुराला अक्षरओळख नव्हती, त्यालाही उपदेश असा आपोआप पाठ होई. देवभक्तीपासून सुरू झालेली ही भजने लवकरच ग्रामसफाई, व्यसनमुक्ती, अस्पृश्यतानिवारण आणि सर्वधर्मसमभाव यांकडे वळली. मराठीबरोबर हिंदीतही त्यांनी विपुल रचना केली, म्हणून वऱ्हाडाबाहेरही ती सहज पोहोचली.

अमरावती-नागपूर रस्त्यावरील मोझरी येथे १९३५ मध्ये त्यांनी गुरुकुंज आश्रम उभारला. जातपात न पाहता सर्वांनी एकत्र बसून करायची सामुदायिक प्रार्थना ही या आश्रमाची मोठी देणगी. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात एका पंगतीत बसून प्रार्थना म्हणणे हेच मोठे समाजशिक्षण होते. १९३६ मध्ये ते सेवाग्रामला गांधीजींच्या सहवासात राहिले. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या भजनांनी आष्टी-चिमूर भागातील तरुण पेटून उठले. इंग्रज सरकारने ऑगस्टमध्ये त्यांना अटक केली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवले.

स्वातंत्र्यानंतर खेड्याची घडी कशी बसवावी, हा प्रश्न त्यांनी ‘ग्रामगीते’त हाताळला. ४१ अध्यायांच्या या ओवीबद्ध ग्रंथात शेती, आरोग्य, शिक्षण, स्त्रियांचा मान, श्रमदान असे रोजचे विषय आहेत. धर्मग्रंथाच्या घाटात गावकारभार सांगण्याचे हे धाडस अपूर्वच म्हणावे लागेल. १९५५ मध्ये जपानमधील विश्वधर्म परिषदेतही त्यांनी भाग घेतला.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीत त्यांचे निधन झाले. नागपूर विद्यापीठाला आता त्यांचे नाव आहे, आणि पुण्यतिथी महोत्सवाला विदर्भभरच्या दिंड्या व भजनी मंडळे खंजिऱ्या घेऊन गुरुकुंजात जमतात.