सागरी चाचेगिरी आणि शासनांची जबाबदारी

समुद्रात व्यापारी जहाजांवर दरोडा घालणाऱ्यांना मराठीत चाचे म्हणतात, तर उर्दूत बहरी कज्जाक. हा गुन्हा फार जुना आहे. त्याच्या बंदोबस्तासाठी आरमार पाठविणे आवश्यकच आहे. परंतु पकडलेल्या चाच्यांवर खटला चालविणारा कायदा आणि किनाऱ्यावर सक्षम शासन नसेल, तर आरमाराचे श्रम वाया जातात.

१९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदाविषयक करारानुसार, खुल्या समुद्रात खाजगी स्वार्थासाठी एका जहाजावरील लोकांनी दुसऱ्या जहाजावर केलेली हिंसा किंवा लूट म्हणजे चाचेगिरी होय. अशा चाच्यांना कोणत्याही राष्ट्राची युद्धनौका पकडू शकते आणि पकडणारे राष्ट्र त्यांच्यावर खटला चालवू शकते. मात्र शिक्षा किती द्यावी हे करार सांगत नाही. त्यासाठी प्रत्येक राष्ट्राला स्वतःचा कायदा करावा लागतो.

ही उणीव आपल्याकडे दीर्घकाळ होती. ऑक्टोबर १९९९ मध्ये इंडोनेशियाहून ॲल्युमिनियम घेऊन निघालेले 'अलोंड्रा रेनबो' हे जपानी मालकीचे जहाज चाच्यांनी पळविले. नोव्हेंबरमध्ये भारतीय नौदल व तटरक्षक दलाने ते अरबी समुद्रात पकडले. मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००३ मध्ये आरोपींना शिक्षा सुनावली. परंतु २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची मुक्तता केली. त्या वेळी भारतीय दंडसंहितेत चाचेगिरी हा स्वतंत्र गुन्हा नव्हता.

सोमालियाचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९९१ मध्ये तेथील केंद्रीय सत्ता कोसळली आणि पुढे खंडणीसाठी जहाजे पळविणे हा संघटित धंदा बनला. जागतिक बँकेच्या २०१३ च्या अहवालानुसार, २००५ ते २०१२ या काळात सुमारे ३४ ते ४१ कोटी डॉलर खंडणी दिली गेली. २००८ पासून भारतासह अनेक राष्ट्रांच्या युद्धनौका एडनच्या आखातात गस्त घालू लागल्या; जहाजांवर सशस्त्र रक्षक आले. २०१२ नंतर हल्ले झपाट्याने घटले. तरीही खटला कोणी चालवावा हे निश्चित नसल्याने अनेकदा चाच्यांची शस्त्रे काढून घेऊन त्यांना सोडून दिले जाई. केनिया व सेशेल्स यांनी आपली न्यायालये खुली केल्यावर ही अडचण काही अंशी दूर झाली.

या सर्वांत खरी किंमत मोजतो तो खलाशी. 'अस्फाल्ट व्हेंचर' जहाजाची खंडणी एप्रिल २०११ मध्ये मिळूनही चाच्यांनी सात भारतीय खलाशांना ठेवून घेतले. भारताच्या ताब्यातील सोमाली चाचे सोडावेत, ही त्यांची मागणी होती. या सात जणांची सुटका ऑक्टोबर २०१४ मध्ये झाली.

अखेर डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या संसदेने सागरी चाचेगिरीविरोधी कायदा मंजूर केला. २०२३ च्या अखेरीस सोमाली चाचे पुन्हा सक्रिय झाले, तेव्हा त्याचे महत्त्व दिसून आले. मार्च २०२४ मध्ये नौदलाने 'रुएन' जहाजावरील १७ खलाशांची सुटका केली आणि पकडलेले ३५ चाचे मुंबई पोलिसांच्या स्वाधीन केले.

सारांश, शासनांनी गस्त चालू ठेवावी, खटल्याची व्यवस्था आधीच निश्चित करावी, खंडणीचा पैसा कोणाकडे जातो याचा माग काढावा आणि ओलिसांच्या कुटुंबांना वाऱ्यावर सोडू नये. त्याचबरोबर किनाऱ्यावरील तरुणांना प्रामाणिक रोजगार मिळेल, अशी मदतही करावी. चाच्यांच्या होड्या समुद्रात दिसतात, पण त्या सुटतात किनाऱ्यावरूनच.