पेढीवरून चौपाटीकडे

पहाटे साडेपाचच्या सुमारास मरीन ड्राइव्हचे दिवे अजून तेवत असतात. गिरगाव चौपाटीपासून नरिमन पॉइंटपर्यंतच्या सुमारे साडेतीन किलोमीटरच्या सपाट पदपथावर धावणाऱ्यांत आता केवळ तरुण खेळाडू दिसत नाहीत. काळबादेवी-भुलेश्वरच्या पेढीवर दिवसाचे दहा तास बसणारे गृहस्थ आणि घरची सकाळची धांदल सुरू होण्यापूर्वी तासभर स्वतःसाठी काढणाऱ्या गृहिणीही त्यांत असतात. दादर, परळ, लालबागच्या रहिवाशांना शिवाजी पार्क आणि फाइव्ह गार्डन्सचा परिसर जवळचा.

व्यापारी जीवन बैठे असते. हिशेबात एका पैशाची चूक खपवून न घेणारा दुकानदार शरीराच्या खात्यातून मात्र वर्षानुवर्षे उचलच करीत राहतो. वाढलेली साखर किंवा रक्तदाब तपासणीच्या अहवालात दिसला, की जमेची बाजू रिकामी असल्याचे ध्यानात येते.

धावणे ही परदेशी हौस आहे, हा समज मात्र योग्य नव्हे. 1919 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटा थक्क झाले. त्यांच्या पुढाकाराने आणि आर्थिक साह्याने 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू गेले. त्यांपैकी बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन 2 तास 50 मिनिटांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. 2004 साली सुरू झालेल्या आणि एरवी जानेवारीत भरणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये 42.195 किलोमीटर धावणारे असतात, तसे सुमारे सहा किलोमीटरच्या ‘ड्रीम रन’मध्ये हसतखेळत चालणारेही असतात. नवशिक्याने आरंभी या दुसऱ्या गटाकडे पाहावे.

लाभासाठी फार धावावे लागत नाही. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात 55,000 हून अधिक प्रौढांची सुमारे पंधरा वर्षांची माहिती तपासली गेली. रोज पाच ते दहा मिनिटे, तीही संथ गतीने, धावणाऱ्यांतसुद्धा हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूचे प्रमाण न धावणाऱ्यांपेक्षा बरेच कमी आढळले. धावताना स्नायू रक्तातील साखर वापरतात, इन्सुलिनचा परिणाम सुधारतो, हाडांना बळकटी येते आणि रात्री झोप गाढ लागते.

आरंभ मात्र धीराने करावा. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार असलेल्यांनी प्रथम वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे चालून झाल्यावर एक मिनिट धावणे व दोन मिनिटे चालणे, असे सहा-सात वेळा करावे. आठवड्यातून तीन दिवस पुरेत. मधले दिवस विश्रांतीचे. धावताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे. धाप लागून शब्द तुटू लागले, तर गती कमी करावी. धावण्याची मिनिटे हळूहळू वाढविल्यास दोन-अडीच महिन्यांत सलग अर्धा तास धावणे बहुतेकांना साधते. पहिल्याच उत्साहात अंतर वाढविणाऱ्यांच्या नडग्या आणि गुडघे दुखू लागतात व बूट कपाटात जातात. छातीत दुखले, घेरी आली किंवा डावा हात भरून आला, तर तत्क्षणी थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

जैन घरांत आणखी एका गोष्टीचा विचार हवा. चौविहार करणारा सूर्यास्तानंतर पाणी घेत नाही. नवकारसी सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी येते. जानेवारीत मुंबईचा सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, म्हणजे पाण्याविना साडेतेरा तासांहून अधिक काळ जातो. अशा शरीराला पहाटे घाम गाळत तासभर पळविणे धोक्याचे. त्यांनी नवकारसी पाळून, पाणी पिऊन थोड्या वेळाने धावावे, किंवा सूर्यास्तापूर्वी पाणी पिण्यास अवधी राहील अशा बेताने सायंकाळी. पहाटेच जाणे भाग असेल, तर संथ चालण्यावर समाधान मानावे. उपवासाच्या दिवशी धावू नये. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी उपवास आणि व्यायाम यांचा मेळ डॉक्टरांना विचारूनच बसवावा.

बूट चामड्याविना सहज मिळतात. खरेदीपूर्वी तेवढे पाहून घ्यावे. धावपटूंसाठी विकल्या जाणाऱ्या चघळण्याच्या गोळ्यांत जिलेटिन असू शकते. त्यांची गरजही नाही: अर्ध्या तासाच्या धावण्याला साधे पाणी पुरते, आणि नंतर खजूर, दूध किंवा मुगाचा चिला उत्तम.

पहिले काही दिवस कठीण जातात. पाय जड वाटतात, ओळखीचे कोणी भेटले तर संकोच होतो, दुकानाची वेळ डोक्यात घोळत असते. म्हणून सोबत असावी. वडील चालतील, मुलगा धावेल, सूनबाई दोन्ही आलटूनपालटून करतील; परतीची वेळ तेवढी एक ठरवावी. तीन महिन्यांनी पेढीचा जिना चढताना मध्ये थांबावे लागले नाही, की खात्यात जमा सुरू झाली असे समजावे.