विश्लेषण : गाडीची अश्वशक्ती मोजतात कशी? एकाच गाडीचे आकडे वेगवेगळे का येतात?

माहितीपुस्तिकेत 120 बीएचपी छापलेली गाडी डायनामोमीटरवर चढवली, की पडद्यावर 102 चा आकडा दिसू शकतो. कंपनीने फसवले, असे मालकाला वाटते. तीच गाडी 'रीमॅप' करून दुसऱ्या ठिकाणी मोजली आणि 115 चा कागद हातात पडला, तर खर्च केलेले पैसे वसूल झाल्याचे समाधान मिळते. हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे असू शकतात. अश्वशक्तीचा आकडा गाडीइतकाच मोजणाऱ्या यंत्रावर, मोजण्याच्या पद्धतीवर आणि त्या दिवशीच्या हवेवर अवलंबून असतो.

अश्वशक्ती म्हणजे नेमके किती?

अश्वशक्ती हे एकक जन्माला आले तेच तुलनेसाठी. आपले वाफेचे इंजिन किती घोड्यांचे काम करते, हे ग्राहकांना पटवून देण्यासाठी जेम्स वॅटने अठराव्या शतकात ते रूढ केले. एका मिनिटात 33 हजार फूट-पौंड काम म्हणजे एक अश्वशक्ती, असे त्याने ठरवले. आजच्या एककात ती सुमारे 746 वॉट होते. युरोपात मात्र मेट्रिक अश्वशक्ती रुजली. 75 किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्यासाठी लागणारी शक्ती म्हणजे एक 'पीएस', म्हणजेच सुमारे 735.5 वॉट. त्यामुळे 100 किलोवॉटचे इंजिन एका पुस्तिकेत 134 बीएचपीचे, तर दुसरीत 136 पीएसचे ठरते. भारतात दोन्ही एकके सर्रास वापरली जातात. तुलनेतली पहिली गफलत इथेच होते.

'बीएचपी'मधला 'ब्रेक' कुठून आला?

फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी याने 1821 मध्ये फिरत्या दांड्यावर लाकडी ठोकळे आवळून, म्हणजे ब्रेक लावून, त्याची शक्ती मोजण्याची युक्ती शोधली. ठोकळ्यांना जोडलेला लांब दांडा किती वजनाने तोलला जातो, हे पाहायचे. ते वजन आणि दांड्याची लांबी यांचा गुणाकार म्हणजे पिळाचा जोर, अर्थात टॉर्क. ब्रेकच्या साह्याने मोजलेली म्हणून ती 'ब्रेक हॉर्सपॉवर'. पुढे 1877 मध्ये विल्यम फ्रूडने लाकडाच्या जागी पाण्याचा ब्रेक आणला. आता विद्युतचुंबकीय ब्रेक किंवा विजेच्या मोटारी वापरतात. तत्त्व मात्र तेच राहिले आहे.

डायनामोमीटर शक्ती थेट मोजत नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवे. तो टॉर्क आणि फेरे मोजतो आणि त्यावरून शक्तीचा हिशेब मांडतो. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये घेऊन त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणायचे आणि 9,549 ने भागायचे, की किलोवॉट मिळतात. चार हजार फेऱ्यांना 200 न्यूटन-मीटर टॉर्क देणारे इंजिन आणि आठ हजार फेऱ्यांना 100 न्यूटन-मीटर देणारे इंजिन, दोघांची त्या क्षणाची शक्ती सारखीच, म्हणजे सुमारे 84 किलोवॉट. चालवताना मात्र दोन्ही गाड्यांचा स्वभाव अगदी वेगळा जाणवेल. म्हणून एका कमाल आकड्यापेक्षा फेऱ्यांनुसार काढलेला संपूर्ण आलेख अधिक सांगून जातो.

कंपनीचा आकडा आणि चाकावरचा आकडा वेगळा का?

कंपनी इंजिन गाडीबाहेर, चाचणी-मंचावर मोजते. भारतात नव्या वाहनाच्या नमुन्याची तपासणी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 126 नुसार पुण्यातील 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया'सारख्या अधिकृत संस्थांकडून होते. इंजिनाची शक्ती मोजण्यासाठी 'आयएस 14599' हे भारतीय मानक आहे. गॅरेजमधल्या डायनोवर मात्र अख्खी गाडी रोलरवर उभी राहते आणि मोजली जाते ती चाकांपर्यंत पोहोचलेली शक्ती. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, बेअरिंग आणि टायर यांत काही शक्ती खर्च झालेली असते.

हा तोटा 15 टक्के धरण्याची पद्धत आहे. 120 चे 102 होतात ते याच हिशेबाने. पण तो आकडा केवळ ढोबळ आहे. प्रत्यक्षातला तोटा गाडी पुढच्या चाकांवर चालते की चारही, गिअरबॉक्स कोणता, तेल किती तापले आहे, टायरमध्ये हवा किती आणि गाडी पट्ट्यांनी रोलरवर किती घट्ट आवळली आहे, यानुसार बदलतो. काही डायनोंवर पूर्ण वेगानंतर क्लच दाबून रोलर आपोआप मंदावू देतात आणि त्या मंदावण्यावरून तोटा मोजतात. तयार टक्केवारीपेक्षा हे बरे. तरी त्यातून काढलेली 'इंजिनाची शक्ती' हा अंदाजच असतो.

सगळे डायनो सारखेच असतात का?

नाही. एका प्रकारात ठरावीक वजनाचा जड रोलर असतो. गाडी तो किती लवकर वेगात आणते, यावरून शक्ती काढतात. दुसऱ्या प्रकारात रोलरला ब्रेक लावून इंजिनावर हवा तेवढा भार देता येतो आणि एकाच वेगावर ते धरून ठेवता येते. पहिल्या प्रकारात चाचणी काही सेकंदांत संपते. त्यात काही शक्ती गाडीची स्वतःची चाके फिरवण्यात जाते. म्हणून हलकी अलॉय चाके बसवल्यावर अशा डायनोवर आकडा थोडा वाढतो. इंजिनाची ताकद मात्र वाढलेली नसते.

हवेचा हिशेब कसा ठेवतात?

इंजिनाला इंधनाइतकीच हवा लागते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण सहा टक्क्यांनी कमी असतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्तीही जवळपास त्याच प्रमाणात घटते. हा फरक काढून टाकण्यासाठी डायनोचे सॉफ्टवेअर तापमान, दाब आणि आर्द्रता पाहून आकडा प्रमाणित स्थितीला आणते. अमेरिकेतील 'सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनीअर्स'च्या (एसएई) 'जे1349' मानकात 25 अंश सेल्सिअस तापमान आणि कोरड्या हवेचा 99 किलोपास्कल दाब धरला आहे. थंड आणि दाट हवा धरणारे जुने मानक निवडले, तर तीच चाचणी सुमारे चार टक्के जास्त आकडा दाखवते.

फुगवाफुगवीला जागा मिळते ती इथेच. तापमापक गरम इंजिनाजवळ ठेवून खोलीचे तापमान 10 अंशांनी जास्त नोंदवले, तर दुरुस्तीच्या सूत्रामुळे आकडा जवळपास दोन टक्क्यांनी वाढतो. टर्बो इंजिनात संगणक हवेचा दाब स्वतःच सांभाळतो. त्याला टर्बो नसलेल्या इंजिनाचे सूत्र लावले, तर आकडा विनाकारण फुगतो.

आकड्यांवरून वाद झाले आहेत का?

अनेकदा. अमेरिकेत 1971 पर्यंत एअर फिल्टर, गाडीचा एक्झॉस्ट, पंखा वगैरे काढून मोजलेली 'ग्रॉस' शक्ती छापली जाई. 1972 पासून हे सगळे जोडून मोजलेली 'नेट' शक्ती छापली जाऊ लागली. कॅडिलॅक एल्डोराडोच्या 8.2 लिटर इंजिनाचा आकडा त्यामुळे 365 वरून 235 वर आला. 2005 मध्ये एसएईने मोजण्याचे नियम काटेकोर केले, तेव्हा टोयोटा कॅमरीच्या व्ही6 इंजिनाचा आकडा 210 वरून 190 झाला. दोन्ही वेळा बदलली होती ती मुख्यतः मोजपट्टी.

काही वेळा तक्रार खरीही निघाली. फोर्डने 1999 च्या मस्टँग कोब्राची शक्ती 320 अश्वशक्ती सांगितली होती. मालकांनी गाड्या डायनोवर नेल्या आणि आकडे जुळेनात. अखेर कंपनीला गाड्या परत बोलावून इनटेक, एक्झॉस्ट आणि इंजिनाच्या संगणकात दुरुस्ती करावी लागली.

अलीकडच्या एका प्रकरणाची झळ भारतालाही लागली. टोयोटा इंडस्ट्रीजच्या तीन डिझेल इंजिनांच्या शक्ती-चाचणीत प्रत्यक्ष उत्पादनापेक्षा वेगळे सॉफ्टवेअर वापरल्याचे जानेवारी 2024 मध्ये उघड झाले. त्यामुळे आलेख अधिक एकसारखा दिसत होता. भारतात इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्स या गाड्यांचा पुरवठा काही दिवस थांबवावा लागला. शक्ती किंवा टॉर्कचे आकडे फुगवलेले नाहीत, असे कंपनीने तेव्हा स्पष्ट केले होते.

मग तुलना करायची कशी?

डायनो सर्वांत विश्वासार्ह ठरतो तो 'आधी आणि नंतर'च्या मोजणीत. तीच गाडी, तेच यंत्र, तोच गिअर, तेच इंधन, टायरमध्ये तेवढीच हवा आणि शक्यतो तोच दिवस, अशी दोन मोजमापे घेतली, तर त्यांतला फरक अर्थपूर्ण असतो. रीमॅप करून घेणाऱ्याने आधीच्या मोजणीचाही कागद मागावा. प्रत्येक वेळी किमान तीन फेऱ्या घ्यायला सांगाव्यात, कारण एकाच गाडीच्या लागोपाठच्या फेऱ्यांतही एक-दोन टक्के फरक पडू शकतो. आकडा चाकावरचा की इंजिनाचा, बीएचपी की पीएस, कोणत्या मानकाने दुरुस्त केलेला, हे कागदावर लिहिलेले असावे. दुरुस्ती न केलेला मूळ आकडाही मागून घ्यावा.

वाढलेल्या आकड्याची दुसरी बाजूही आहे. इंजिनात बदल केल्याने कंपनीची वॉरंटी धोक्यात येऊ शकते. शिवाय, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील वेगळा होईल असे बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मनाई करते.

दोन वेगळ्या गाड्यांची तुलना करताना दोन वेगळ्या गॅरेजांचे कागद शेजारी ठेवून उपयोग नाही. त्यासाठी दोन्ही गाड्या एकाच डायनोवर, एकाच पद्धतीने मोजाव्या लागतात. ते शक्य नसेल, तर अधिकृत चाचणीतले आकडे एकाच एककात आणून पाहावेत आणि कमाल शक्तीबरोबर ती किती फेऱ्यांना मिळते तेही पाहावे. शहरातल्या रोजच्या वाहतुकीत सहा हजार फेऱ्यांपर्यंत इंजिन क्वचितच जाते. तिथे दोन हजार फेऱ्यांना किती टॉर्क मिळतो, हाच प्रश्न अधिक कामाचा असतो.