माळ्यावरच्या रिळांना आंबट वास येतोय का?

माळ्यावरच्या ट्रंकेत जुन्या ८ मिमी फिल्मची गोल डबी सापडली, तर ती लगेच प्रोजेक्टरवर चढवू नका. आधी झाकण उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट, नाकाला झोंबणारा वास आला तर फिल्म कुजायला लागली आहे असे समजा. आजोबांनी एखाद्या मे महिन्यात मालवणला होडीतून सिंधुदुर्गाकडे जाताना घेतलेले चित्रण त्या डबीत असेल, तर ते वाचवायला फार वर्षे हाताशी नाहीत.

आपल्या कोल्हापूरला तर फिल्म परकी नाही. आनंदराव पेंटरांनी ध्यास घेतलेला स्वदेशी कॅमेरा त्यांच्या पश्चात बाबूराव पेंटरांनी याच शहरात पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. तो चित्रपट आज आपल्याला पाहता येत नाही. देशातल्या तेराशेहून अधिक मूकपटांपैकी तीसेकच उरले, ते सुद्धा बरेचसे तुटक. त्या काळची फिल्म नायट्रेटची होती. तिच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे एकदा पेटली की ती पाण्याखालीसुद्धा जळत राहते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेटचा साठा आगीत गेला, ही हानी कधीच भरून येणारी नाही.

घरगुती फिल्मला मात्र आगीचे भय नव्हते. कोडॅकने १९२३ मध्ये हौशी लोकांसाठी १६ मिमी फिल्म आणली, ती मुद्दाम सहजी न पेटणाऱ्या अ‍ॅसिटेटवर. १९३२ मध्ये ८ मिमी आली, १९६५ मध्ये सुपर एट. सुपर एटच्या ५० फुटी रिळात ३,६०० चौकटी मावतात. सेकंदाला १८ चौकटींच्या वेगाने त्या ३ मिनिटे २० सेकंदांत संपतात. अख्खी सहल एवढ्यात बसवायची म्हणून माणसे जपून चित्रण करत. समुद्र, होडी, ओळीने उभी केलेली मुले, की पुन्हा समुद्र.

अ‍ॅसिटेटचा शत्रू वेगळा, तो म्हणजे दमट उष्मा. सेल्युलोजच्या साखळीला जोडलेले अ‍ॅसिटेटचे गट पाण्याच्या रेणूंमुळे सुटतात आणि अ‍ॅसिटिक आम्ल तयार होते. व्हिनेगरमध्ये असते तेच हे आम्ल. गंमत नव्हे, धोका असा की हे आम्ल स्वतःच पुढच्या विघटनाचा वेग वाढवते. दुधात विरजणाचा थेंब पडावा तसे ते रीळभर पसरते, आणि त्याची वाफ शेजारच्या चांगल्या रिळांनाही लागते. फिल्म आकसते, वळते, ठिसूळ होते. एखादा टक्का आकसली तरी तिच्या कडेची भोके प्रोजेक्टरच्या दात्यांत नीट बसत नाहीत आणि ती फाटते. या रोगाची कोडॅककडे गेलेली पहिली तक्रार भारत सरकारची होती. अ‍ॅसिटेटचा आजचा प्रकार १९४८ मध्ये आला आणि दहा वर्षांच्या आतच उष्ण, दमट गोदामांतल्या आपल्या फिल्म बिघडू लागल्या होत्या.

अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार २१ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेत नव्या फिल्मला हा वास यायला सुमारे ४० वर्षे लागतात. कोल्हापुरात पत्र्याखालचा माळा एप्रिलात किती तापतो आणि जुलैत भिंतींना कशी ओल येते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. उलट, तापमान पाचसहा अंशांनी उतरले की फिल्मचे आयुष्य साधारण दुप्पट होते. म्हणजे माळ्यावरून काढून घरातल्या थंड, कोरड्या खोलीत ठेवणे हाच पहिला उपचार, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

रंगांचे गणित निराळे. १९३५ ची कोडाक्रोम ही रंगीत फिल्म लिओपोल्ड मॅनिस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की या दोन संगीतकारांची कामगिरी. तिच्यात रंग तयार करणारी रसायने आधीपासून नसत, धुण्याच्या वेळी बाहेरून दिली जात. ती प्रक्रिया इतकी किचकट होती की साध्या लॅबला जमत नसे. पण त्यामुळेच मागे रसायन उरत नाही आणि अंधारात ठेवलेल्या कोडाक्रोमचा निळा समुद्र अजून निळा दिसतो. इतर बऱ्याच रंगीत फिल्ममध्ये निळसर-हिरवा रंग आधी उडतो आणि सगळी सहल लालसर होऊन बसते. उडालेला रंग संगणकावर बऱ्याच अंशी परत आणता येतो. कुजलेली फिल्म कशानेच परत येत नाही.

कुणी म्हणेल, घरच्यांखेरीज यात कुणाला काय रस? विज्ञानाला आहे. फ्लोरिडाच्या की वेस्ट बेटावर सुट्टीला आलेले लोक गळाला लागलेल्या मोठ्या माशांसोबत फोटो काढून घेत. संशोधक लॉरेन मॅक्लेनाहन यांनी या जुन्या फोटोंतले मासे मोजले. १९५६ मध्ये अशा माशाचे सरासरी वजन १९.९ किलो होते, २००७ मध्ये २.३ किलो. चेहऱ्यांवरचा आनंद तेवढाच, मासे मात्र लहान होत गेलेले. बेल्जियममध्ये पीटर द फ्रेने आणि सहकाऱ्यांनी १९८१ ते २०१६ या काळातल्या सायकल शर्यतीच्या दूरचित्रवाणी चित्रणात मागे दिसणारी झाडे पाहिली आणि पालवी आता लवकर फुटते हे दाखवले.

मालवणच्या सागरी अभयारण्याची घोषणा १९८७ मधली. त्याआधीचा किनारा ज्या चित्रणात आहे, त्यात वाळू किती रुंद होती, कुरटे बेटावरच्या सिंधुदुर्गाच्या तटाला भरतीची खूण कुठवर होती, टोपलीत कोणते मासे होते, हे सारे नकळत नोंदले गेले असणार. फिल्म कुणी घेतली याला महत्त्व नाही; ठिकाण आणि वर्ष कळायला हवे. वर्षासाठी एक सोय आहे. कोडॅकच्या फिल्मच्या कडेला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशी बारीक चिन्हे असतात आणि त्यांवरून फिल्म बनल्याचे वर्ष ओळखता येते. मात्र ही चिन्हे वीस वर्षांनी पुन्हा येतात, म्हणून मुलांची वये, मोटारीचे मॉडेल यांचा ताळा घ्यावा लागतो.

भिंतीवर दाखवून मोबाइलने टिपू नका. चित्र लुकलुकते, आणि जुनी फिल्म त्या फेरीत तुटू शकते. चौकट-चौकट स्कॅन करणाऱ्या माणसाकडेच द्या आणि स्कॅन झाल्यावरही मूळ रीळ टाकू नका. वास येणारी रिळे वेगळी ठेवा. गंजका, घट्ट बंद डबा बदला, कारण आतली वाफ बाहेर पडली पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा शहरातली कितीतरी घरे पाण्यात होती. अशा पुरात रीळ भिजले तर उन्हात वाळवू नका, जिलेटिन चिकटून थर निघून येतात. स्वच्छ थंड पाण्यात बुडवून ठेवा आणि तसेच जाणकारांकडे न्या.

आणि स्कॅन हातात आले की घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवून ते दाखवा. हा कुठला किनारा, ही होडी कुणाची, साल कोणते, असे विचारा आणि त्यांचे बोलणे फोनवर रेकॉर्ड करून फाइलसोबत ठेवा. हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.